केशन की कॅटायन? विज्ञानातील इंग्रजी संज्ञांचे उच्चार आणि अर्थ

अकरावी_विज्ञान (प्रश्न)

सर्व सदस्यांना सादर नमस्कार.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात झाले आणि यंदा मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत आले आहे. विषय म्हणून मला काही जड जात नाही; धन आयन, ऋण आयन, त्वरण, संवेग, कंटकचर्मी प्राणी हे सारे मी आधी शिकलेले आहे. अडते ते इंग्रजी संज्ञांपाशी. रसायनशास्त्राच्या तासाला आमच्या वर्गात 'केशन' असे म्हटले जाते आणि त्याच धड्यावरच्या चित्रफितीत मात्र 'कॅटायन' असे ऐकू येते. जीवशास्त्रात प्राण्यांच्या संघांची नावे समोर आली की पहिल्या अक्षरापासूनच गोंधळ उडतो, कारण एका नावाच्या आरंभी सी आणि एन ही अक्षरे असतात, दुसऱ्याच्या आरंभी सी आणि टी, तर वनस्पतींच्या एका गटाच्या नावाच्या आरंभी पी आणि टी. वर्गातले काही जण सगळी अक्षरे उच्चारतात, काही जण पहिले अक्षर गाळतात, आणि उत्तर येत असूनही उच्चार चुकेल या धास्तीने मी हात वर करत नाही.

मला असे विचारायचे आहे की या उच्चारांना काही नियम आहेत का, की प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो? लेखी परीक्षेत उच्चाराला गुण नसतात, मग त्यासाठी इतका वेळ देणे योग्य आहे का? आणि दहावीपर्यंत शिकलेल्या मराठी संज्ञा आता बाजूला ठेवाव्यात असे घरी आणि वर्गात सगळे सांगतात, ते कितपत बरोबर आहे?

निवृत्त_रसायनशिक्षिका

तुझ्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून मी थोडे सविस्तर लिहिते.

दहावीच्या मराठी व्याकरणात तू समासाचा विग्रह शिकली आहेस. 'लंबोदर' म्हणजे लंब आहे उदर ज्याचे तो. विज्ञानातल्या बहुतेक इंग्रजी संज्ञा ग्रीक आणि लॅटिन घटकांपासून अशाच समासाने बनलेल्या आहेत. विग्रह नेमक्या जागी झाला की अर्थही कळतो आणि बहुतेक वेळा उच्चारही आपोआप बरोबर येतो. विग्रहाची जागा चुकली की दोन्ही हातचे जातात.

'कॅटायन' हा शब्दच घे. त्याच्या शेवटची अक्षरे 'स्टेशन'मधल्या शेवटच्या अक्षरांसारखी दिसतात, म्हणून विद्यार्थी ती त्याच चालीवर वाचतात आणि 'केशन' म्हणतात. वस्तुतः हा शब्द 'कॅट' आणि 'आयन' असा तुटतो. ग्रीकमध्ये 'काटा' म्हणजे खाली, आणि 'आयन' म्हणजे जाणारा. 'ॲनायन'मध्ये 'आना' म्हणजे वर. हे शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणले आणि त्यासाठी त्यांनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूअल यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. विद्युतधारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते अशी कल्पना त्यांनी केली. मग ज्या बाजूला सूर्य वर येतो ते अग्र 'ॲनोड' आणि ज्या बाजूला तो खाली जातो ते 'कॅथोड'. या दोन्ही शब्दांतला 'ओड' म्हणजे ग्रीक 'होडोस', अर्थात वाट. वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. कॅथोडकडे जातो तो कॅटायन. कॅथोड ऋण असतो आणि त्याच्याकडे ओढला जाणारा कॅटायन धन असतो, यावरून दरवर्षी मुलांचा गोंधळ होतो. हा विग्रह एकदा समजला की तो गोंधळ राहत नाही, असे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

आता तुझ्या प्राण्यांच्या संघांकडे येऊ. ग्रीकमध्ये शब्दाच्या आरंभी प-ट, प-न, प-स, क-ट, क-न, ग-न अशी जोडव्यंजने चालतात. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेला ती शब्दारंभी चालत नाहीत, म्हणून ते पहिले व्यंजन गाळतात; मात्र तेच व्यंजन शब्दाच्या मध्ये आले आणि त्याच्या आधी स्वर असला की ते स्पष्ट उच्चारले जाते. त्यामुळे सी आणि एन या अक्षरांनी सुरू होणारा संघ 'नायडेरिया', सी आणि टी यांनी सुरू होणारा 'टेनोफोरा', आणि पी-टी यांनी सुरू होणारा वनस्पतींचा गट 'टेरिडोफायटा'. पंख या अर्थाचा ग्रीक शब्द 'प्टेरॉन'. तो 'टेरोडॅक्टिल'च्या आरंभी आला की प ऐकू येत नाही, आणि 'डिप्टेरा' या कीटकांच्या गणात किंवा 'हेलिकॉप्टर'मध्ये तो मधे आला की ऐकू येतो. हेलिकॉप्टरचा विग्रह 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा होत नसून 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखा आणि 'प्टेर' म्हणजे पंख असा होतो. तुझ्या अकरावीच्या पुस्तकातच याचा सगळ्यांत सुंदर दाखला आहे: जबडा नसलेल्या प्राण्यांचा गट 'ॲग्नाथा', तिथे ग उच्चारला जातो, जबडा असलेल्यांचा गट 'नॅथोस्टोमॅटा', तिथे तोच ग लिहितात पण उच्चारत नाहीत. ग्रीक शब्द एकच, 'ग्नाथोस', म्हणजे जबडा.

'सी-एच' या जोडीचेही असेच आहे. शब्द ग्रीकमधून आला असेल तर तिचा उच्चार क होतो: क्लोरीन, क्रोमोसोम, कोलेस्टेरॉल हे आपण बरोबरच म्हणतो, परंतु कीटकांच्या कवचातल्या पदार्थाला 'चिटिन' आणि रेणूंच्या त्या विशिष्ट गुणधर्माला 'चायरल' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो 'कायटिन' आहे आणि तो 'कायरल' आहे. 'कायर' म्हणजे ग्रीकमध्ये हात. डावा आणि उजवा हात एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असले तरी एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, हा गुणधर्म सांगण्यासाठी लॉर्ड केल्व्हिन यांनी हा शब्द घडवला. 'चार्ज' आणि 'चेन' हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले, म्हणून तिथे च.

आता मराठी संज्ञांविषयी. त्या बाजूला ठेवू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. 'एकायनोडर्माटा'चा विग्रह काय? 'एकायनोस' म्हणजे साळिंदरासारखा काटेरी प्राणी आणि 'डर्मा' म्हणजे त्वचा. काटेरी आहे त्वचा ज्यांची ते. तुझ्या मराठी पुस्तकातला 'कंटकचर्मी' हा शब्द दुसरे काय सांगतो? 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'पोड' म्हणजे पाय, म्हणून आर्थ्रोपोडा म्हणजे 'संधिपाद'. तोच सांधा 'आर्थ्रायटिस'मध्ये पुन्हा भेटतो. 'जिम्नोस्पर्म' म्हणजे उघडे आहे बीज ज्याचे, आणि तू त्याला अनावृत्तबीजी म्हणून आधीच ओळखतेस. ज्यांनी या मराठी संज्ञा घडवल्या त्यांनी तुझ्यासाठी विग्रह करूनच ठेवलेला आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना 'एकायनोडर्माटा' हे नाव अर्थाशिवाय पाठ करावे लागते. तुझ्याकडे अर्थ आहे, फक्त नाव जोडायचे आहे.

परिचारिका_प्रशिक्षण

लेखी परीक्षेत गुण नाहीत म्हणून उच्चाराला महत्त्व नाही, असे आपण समजू नये. आमच्या क्षेत्रात उच्चार हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग आहे आणि मी परिचर्येच्या विद्यार्थिनींना हे पहिल्या महिन्यापासून सांगते.

'हायपर' म्हणजे अधिक आणि 'हायपो' म्हणजे कमी. 'हायपरकॅलिमिया' आणि 'हायपोकॅलिमिया' या दोन शब्दांत फरक एवढ्या एका अक्षराचा आहे. यांचा विग्रह असा: पहिला भाग अधिक किंवा कमी, मधला भाग 'कॅलियम', म्हणजे पोटॅशियम, ज्याचे रासायनिक चिन्ह त्यामुळेच 'के' आहे, आणि शेवटचा 'इमिया' म्हणजे रक्तातील स्थिती. रक्तातले पोटॅशियम कमी झाले तरी आणि वाढले तरी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते; मात्र एका स्थितीत पोटॅशियम द्यावे लागते आणि दुसऱ्या स्थितीत ते दिले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ब्रिटिश पद्धतीच्या भरभर बोलण्यात र पुसट होतो आणि हे दोन शब्द जवळजवळ सारखे ऐकू येतात. आपण मराठी माणसे र स्पष्ट उच्चारतो. ही आपली सवय इथे अत्यंत हिताची आहे आणि इंग्रजी वळण आणण्याच्या नादात ती सोडू नये. दूरध्वनीवर तोंडी सूचना मिळाली की आम्ही ती मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतो आणि सोबत 'पोटॅशियम कमी' किंवा 'पोटॅशियम जास्त' असे साध्या शब्दांतही सांगतो.

दुसरी जोडी 'डिस्फेजिया' आणि 'डिस्फेझिया' यांची. 'फॅगीन' म्हणजे खाणे, म्हणून पहिल्या शब्दाचा अर्थ गिळण्यातील अडचण. 'फेसिस' म्हणजे बोलणे, म्हणून दुसऱ्याचा अर्थ भाषा वापरण्यातील अडचण. पक्षाघात झालेल्या रुग्णात दोन्ही एकाच वेळी असू शकतात, आणि ज्याला गिळता येत नाही त्याला कोणी पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हा घोटाळा टाळण्यासाठी अनेक जण दुसऱ्या स्थितीला आता 'अफेझिया' असेच म्हणतात. मराठी भाषकाला ज आणि झ यांतला हा भेद सहज करता येतो; 'जेवण'मधला ज आणि 'झाड'मधल्या झ च्या जवळचा ध्वनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

कधी कधी मात्र उच्चार अचूक असूनही काम भागत नाही. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचे हाड या दोहोंच्या नावांचा उच्चार एकच आहे, 'इलिअम'. फरक फक्त लिहिताना दिसतो. आतड्याच्या नावात मधे ई येतो, हाडाच्या नावात आय. तिथे स्पेलिंग विचारूनच घ्यावे. पायाच्या एका नसेचे 'पेरोनिअल' हे नाव 'पेरिनिअल' या अगदी वेगळ्या भागाच्या नावाशी फार मिळतेजुळते आहे. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शरीररचना-संज्ञावलीने 'फिब्युलर' या नावाला प्राधान्य दिले, त्यामुळे हा गोंधळ पुष्कळ टळतो.

आपण पुढे वैद्यकीय शाखेकडे जाणार असाल तर शेवटचे तीन प्रत्यय आताच शिकून ठेवावेत: 'ऑटमी' म्हणजे छेद घेणे, 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणे, आणि 'ऑस्टमी' म्हणजे तोंड तयार करणे, बाहेर उघडणारा मार्ग करणे. 'कोलेक्टमी'मध्ये मोठे आतडे काढले जाते; 'कोलॉस्टमी'मध्ये ते पोटावर उघडले जाते. ज्या नातेवाइकांना हा फरक समजावून सांगायचा असतो, त्यांच्यासमोर उभे राहिल्यावर आपल्याला तो स्वतःला स्वच्छ कळलेला असावा लागतो.

अकरावी_विज्ञान

आपणा दोघींचे मनःपूर्वक आभार. ॲग्नाथा आणि नॅथोस्टोमॅटा हे दोन्ही शब्द आमच्या पुस्तकात एकाच तक्त्यात आहेत आणि ते एकाच शब्दापासून झाले आहेत हे मला कधी जाणवले नव्हते.

आणखी एक शंका आहे. मी शब्दकोशात उच्चार पाहते तेव्हा त्यात शब्दाच्या मध्येच वर एक लहान उभी रेघ असते आणि काही ठिकाणी उलटा ई असतो. या खुणा कशा वाचायच्या? शिवाय मी प्रत्येक शब्दाचा उच्चार वहीत देवनागरीत लिहून ठेवते, ते योग्य आहे का?

ध्वनिविचार

वहीत देवनागरीत उच्चार लिहिणे योग्यच आहे, कारण आपली लिपी व्यंजनांच्या बाबतीत फार नेमकी आहे. ॲ आणि ऑ ही चिन्हे आपण वापरतोच. 'व्ह' आणि 'व' हा भेदही कटाक्षाने पाळावा: व्हेलॉसिटी, व्हॅक्यूम, व्हिसरा यांत वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, तर वॅट आणि वेव्हच्या आरंभीच्या व मध्ये दातांचे काही काम नसते, ओठ गोल होतात. परंतु देवनागरीत एक गोष्ट दाखवता येत नाही आणि ती आहे आघात. आपण विचारलेली उभी रेघ त्याचीच खूण आहे.

मराठीत आपण शब्दातली अक्षरे साधारण सारख्या जोराने उच्चारतो. एका अक्षरावर जोर दिल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत प्रत्येक मोठ्या शब्दात एक अक्षर ठळक असते आणि त्याच्या शेजारची अक्षरे इतकी दुबळी होतात की त्यांतला स्वर केवळ अर्धवट 'अ' उरतो. तो अर्धवट 'अ' म्हणजे शब्दकोशातला उलटा ई. उभी रेघ ज्या अक्षराच्या आधी असेल त्या अक्षरावर जोर द्यावा आणि उलटा ई असेल तिथे तोंड फार न उघडता ओझरता 'अ' म्हणावा, एवढे साधले तरी उच्चारात मोठा फरक पडतो. 'ॲटम'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे. 'अटॉमिक' म्हणताच तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ॲ दुबळा होऊन अ होतो. शब्द तोच असताना स्वर का बदलला, हे कोडे आघात कळल्याशिवाय सुटत नाही.

याला बऱ्यापैकी भरवशाचे नियम आहेत. शेवटी 'इक' असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो: अटॉमिक, मायक्रोस्कॉपिक, हायड्रोलिटिक. शेवटी लॉजी, ग्राफी, मेट्री, लिसिस असेल तर शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर येतो: बायॉलजी, क्रिस्टलॉग्रफी, हायड्रॉलिसिस, इलेक्ट्रॉलिसिस. म्हणूनच 'मायक्रोस्कोप' पण 'मायक्रॉस्कपी'. प्राणिशास्त्राच्या नावात दोन ओ लागोपाठ येतात म्हणून 'झूलॉजी' असे म्हटले जाते. पण तिथे विग्रह 'झो' आणि 'ऑलजी' असा आहे, म्हणून 'झोऑलजी'. प्राणिसंग्रहालयाच्या नावाच्या प्रभावाने 'झूऑलजी' हा उच्चारही इंग्रजीत रूढ झाला आहे आणि तोही चालतो. मात्र 'ऑ' गळता कामा नये.

आघातामुळे अर्थच वेगळा होतो, असे एक उदाहरण आपल्याला प्रयोगशाळेत भेटेल. मीटरच्या दहा लाखाव्या भागाला 'मायक्रोमीटर' म्हणतात आणि तिथे जोर अगदी पहिल्या अक्षरावर असतो. स्क्रू गेज ज्या उपकरणांच्या वर्गात मोडते त्यांचे नाव मात्र 'मायक्रॉमिटर', आणि तिथे जोर दुसऱ्या अक्षरावर. मोजण्याच्या उपकरणांची चाल अशीच आहे: थर्मॉमिटर, बरॉमिटर, स्पिडॉमिटर. एककांची चाल वेगळी: सेंटिमीटर, मिलिमीटर, मायक्रोमीटर. ब्रिटिश पद्धतीत या दोन शब्दांचे स्पेलिंगही निराळे असते, अमेरिकी पद्धतीत ते एकच होते आणि मग सारा भार उच्चारावर येतो. नेहमीच्या स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर असते, म्हणजे मायक्रॉमिटरने आपण दहा मायक्रोमीटरपर्यंत मोजतो. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले की भेद कानाला कळेल. मराठीत आपण 'थर्मामीटर' म्हणतो ते मराठी म्हणून अगदी योग्य आहे आणि घरी तसेच म्हणावे.

वहीत देवनागरी उच्चार लिहिताना जोराच्या अक्षराखाली एक रेघ मारत जावी, म्हणजे लिपीतली ही उणीवही भरून निघेल.

यंत्र_अभियंता

वरील उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत. तरीही आघाताच्या मुद्द्यावर मला थोडे वेगळे मत मांडावेसे वाटते. विद्यार्थिनीने लंडनच्या माणसासारखे बोलावे अशी अपेक्षा ठेवल्यास तिची भीती वाढेल. मी ज्यांच्यासोबत काम करतो त्यांत जर्मन, कोरियन, तमिळ आणि ब्राझिलियन अभियंते आहेत. प्रत्येकाच्या इंग्रजीत त्याच्या मातृभाषेचे वळण आहे आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. अडते ते व्यंजन किंवा अक्षरच बदलले तर. 'कॅटायन' कोणत्याही वळणाने म्हटले तरी समजते, 'केशन' मात्र समोरच्याला शब्द म्हणून ओळखूच येत नाही. माझ्या मते आधी विग्रह, मग व्यंजने आणि सर्वांत शेवटी आघात, या क्रमाने जावे.

काही शब्दांत तर इंग्रजी बोलणाऱ्यांमध्येच एकमत नाही. बुरशीच्या अनेकवचनाला 'फंगाय' म्हणावे की 'फंजाय', शैवालांना 'ॲल्गी' म्हणावे की 'ॲल्जी', याचे दोन्ही उच्चार शब्दकोश देतात. ॲल्युमिनिअमची गोष्ट याहून जुनी आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये या धातूसाठी 'ॲल्युमिअम' हे नाव सुचवले आणि १८१२ मध्ये ते स्वतःच 'ॲल्युमिनम'वर आले. त्याच वर्षी सोडियम, पोटॅशियम यांच्या चालीवर 'ॲल्युमिनिअम' हे रूप अधिक शोभेल असे दुसऱ्यांनी सुचवले. अमेरिकेत पुढे डेव्ही यांचे १८१२ चे रूप टिकले. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९० मध्ये 'ॲल्युमिनिअम' हे प्रमाण मानले आणि १९९३ मध्ये अमेरिकी रूपही ग्राह्य धरले. त्यामुळे चित्रफितीत 'अलूमिनम' ऐकू आले तर गोंधळून जाऊ नये.

ध्वनिविचार

क्रमाविषयी आपले म्हणणे मला मान्य आहे. परक्या वळणाची नक्कल करावी असे मी सुचवलेले नाही. परंतु ऐकून समजण्यासाठी आघात लागतो, कारण व्याख्यानात 'अनॅलिसिस' भरभर म्हटले गेले की ज्याच्या कानात 'ॲनालायसिस' बसलेले आहे त्याला तो शब्द हुकतो. बोलताना आपले वळण ठेवावे, ऐकताना त्यांचे माहीत असावे.

भौतिकी_प्राध्यापक

विग्रहाचा नियम जिथे चालत नाही असा एक भाग राहिला, म्हणून थोडक्यात लिहितो. शास्त्रज्ञांची नावे ज्या भाषेतून आली त्या भाषेप्रमाणे उच्चारायची असतात. बारावीत विद्युतधारेच्या चुंबकीय परिणामाचा जो नियम येतो तो 'बायोट-सॅव्हर्ट' यांचा नाही. १८२० मध्ये तो मांडणारे दोघेही फ्रेंच होते आणि त्यांची नावे बिओ आणि सव्हार अशी आहेत, कारण फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचा ट सहसा उच्चारत नाहीत. द्रव्यतरंगांची कल्पना मांडणारे 'द ब्रॉय', गणितातले 'प्वासाँ' आणि 'फुरिए' हेही फ्रेंचच. आरंभीची अक्षरे सारखी असूनही ग्रीक 'युक्लिड' आणि स्वित्झर्लंडचे 'ऑयलर' यांचे उच्चार वेगळे होतात, कारण दुसरे नाव जर्मन आहे. ही नावे मात्र ऐकूनच शिकावी लागतात.

अर्थाच्या बाबतीत मला वेगळ्याच शब्दांची काळजी वाटते. लांबलचक शब्द विद्यार्थी शब्दकोशात पाहतात. सोपे दिसणारे शब्द कोणी पाहत नाही. प्रकाशाच्या अपवर्तनात 'नॉर्मल' हा शब्द आला की विद्यार्थी त्याचा अर्थ नेहमीचा, सर्वसाधारण असा लावतात आणि आकृतीतली रेषा 'सर्वसाधारण' का, हे त्यांना कळत नाही. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याने काढलेली, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेली रेषा ती नॉर्मल. मराठी पुस्तकात तिला 'स्तंभिका' म्हटले आहे आणि खांबासारखी सरळ उभी हा अर्थ त्या नावातच आहे. 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' हे रोजच्या इंग्रजीत एकच. मराठी माध्यमात मात्र चाल आणि वेग असे दोन शब्द आपण सुरुवातीपासून वेगळे शिकलेलो असतो. वस्तुमान आणि वजन यांचेही तेच. शिक्षिकाबाईंनी जे म्हटले त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे: वहीच्या पानावर इंग्रजी संज्ञा, देवनागरी उच्चार, विग्रह आणि मराठी संज्ञा अशा चार रकान्यांत लिहीत जावे आणि मराठीचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये.

अकरावी_विज्ञान

सर्वांचे आभार. आजपासून चार रकाने आखून वही सुरू केली आहे. पहिल्याच पानावर एक शब्द अडला. मत्स्यतळ्यांतल्या पाण्याविषयीच्या उताऱ्यात अमोनियाच्या आधी जो शब्द आहे तो मी प्रथम 'युनियनाइझ्ड' असा वाचला. त्याचा कामगार संघटनेशी काही संबंध असणे शक्य नाही, म्हणून मी त्याचा विग्रह 'अन्', 'आयन' आणि 'आइझ्ड' असा केला आणि अर्थ 'आयनीभवन न झालेला' असा लिहिला. हे बरोबर आहे का?

निवृत्त_रसायनशिक्षिका

अगदी बरोबर. उच्चार 'अन्-आयनाइझ्ड' असा करायचा. मधली जोडरेघ गाळली तर त्याचे स्पेलिंग संघटित कामगारांसाठीच्या शब्दासारखेच होते, म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे ती रेघ देतात. तुझ्या उताऱ्यात ती नसावी.

त्या उताऱ्यात हा शब्द का महत्त्वाचा आहे तेही लिहून ठेव. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक आयनीभवन न झालेला अमोनिया आणि दुसरा अमोनियम, जो धन आयन आहे, म्हणजे कॅटायन. यांपैकी पहिले रूप माशांच्या कल्ल्यांतून सहज आत शिरते आणि तेच त्यांना अधिक घातक ठरते. पाण्याचा सामू आणि तापमान वाढले की या रूपाचे प्रमाण वाढते. म्हणून एकूण अमोनिया तेवढाच असताना सकाळी ठीक असलेले तळे उन्हाळ्यातल्या दुपारी माशांना त्रासदायक होऊ शकते, कारण शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारपर्यंत पाण्याचा सामूही चढलेला असतो. चौथ्या रकान्यात 'अनायनित' असे लिहिलेस तरी चालेल.